पट्टी किती आली?

लोणंदच्या बाजारात कांदा घालणारी एक मावशी होती. नवरा गेल्यावर चार एकर रान तिनं एकटीनं सांभाळलं. शेजारीपाजारी लिलावाहून फुशारकीनं परतायचे, "आज आपल्या वक्कलाला दोन हजाराचा भाव निघाला!" मावशी सगळ्यांना एकच विचारायची, "पट्टी किती आली?"

पट्टी म्हणजे अडत्याच्या हातची हिशेबाची चिठ्ठी. हमाली, तोलाई, वाराई, गाडीभाडं वजा होऊन खाली जो आकडा उरतो, तोच पिशवीत पडतो. मावशी म्हणायची, "भाव चारचौघांत सांगायचा असतो आणि पट्टी घरी न्यायची असते."

पुण्याला तिच्या बहिणीचे दोन मुलगे होते. आई गेल्यावर त्यांना मावशीचं फार वाटू लागलं, आणि एका उन्हाळ्यात दोघं तिला सहलीबरोबर युरोपात घेऊन गेले. व्हिएन्ना झालं, प्राग आलं. चेक प्रजासत्ताक 2004 पासून युरोपीय संघात आहे, पण नाणं अजून स्वतःचंच वापरतं, कोरुना. पुण्याहून आणलेले युरो मोडणं आलंच. गाइडनं बसमध्येच सांगून टाकलं, "एका युरोला साधारण 25 कोरुना, हे मनात धरा. हातात याहून थोडे कमीच पडतील. आता एक वाजलाय. चार वाजता जुन्या चौकातल्या घड्याळाखाली भेटू."

थोरला भाचा हिशेबी. चौकाजवळच्या पहिल्याच दुकानावर मोठी पाटी होती, कमिशन 0 टक्के. खाली ठळक आकडा 25.50. गाइडच्या आकड्यापेक्षा वर! त्यानं शंभराची नोट काचेखालून आत सरकवली. आतून 1800 कोरुना आणि एक पावती बाहेर आली.

"पट्टी किती आली?" मावशीनं विचारलं.

"अठराशे. कमिशन काही घेतलं नाही हं, मावशी."

"पंचवीस म्हणाला होता ना तो पोरगा? शंभराचे अडीच हजार होतात. सातशे गेले कुठं?"

थोरला पाटीकडे पुन्हा बघायला गेला. ठळक आकडा युरो विकण्याचा होता. युरो घेण्याचा आकडा शेजारी बारीक अक्षरात होता, 18. अशा पाट्या दुकानदाराच्या बाजूनं वाचायच्या असतात. त्याचं घेणं म्हणजे आपलं विकणं. घाईतल्या प्रवाशाची नेमकी इथंच गफलत होते, आणि पाटी रंगवणाऱ्याला ती चांगली माहीत असते.

"हमाली माफ म्हणून सांगायचं आणि भावच पाडून ठेवायचा," मावशी म्हणाली. "आपल्याकडं काय कमी बघितलेत असले?"

आपल्याकडं खरंच कमी नव्हते. चांदवडी, अंकुशी अशी नाना तऱ्हेची नाणी बाजारात फिरत होती, तेव्हा एक रुपया देऊन दुसरा घेताना सराफ बट्टा कापायचे. नाणी गेली. बट्टा आता फक्त नावाला लागतो.

थोरल्याचं नशीब थोर. गाइडला फोन केला तर त्यानं पहिला प्रश्न केला, "पावती आहे?" 2019 च्या एप्रिलपासून तिथं कायदा आहे की 1000 युरोपर्यंतचा असा व्यवहार तीन तासांच्या आत, कारण न सांगता, त्याच दुकानात मोडता येतो. काचेमागच्या माणसानं तोंड वाकडं केलं, पण शंभराची नोट परत दिली.

धाकट्याचं तसं झालं नाही. दुकानांना वैतागून तो बाहेर उभा होता, तेवढ्यात एक नीटनेटका माणूस जवळ आला. दुकानवाले लुबाडतात, मी तुला 26 देतो, म्हणाला. पन्नास युरो गेले, नोटांची जाडसर घडी हातात आली. धाकटा हसत मावशीकडे आला. मावशीला ना चेक येत होतं ना इंग्रजी. तिनं नोट उलटी केली, सुलटी केली, मग समोरच्या बेकरीच्या पाटीकडे पाहिलं.

"अरे, या नोटेवरची अक्षरं इथल्या एकाही पाटीवर नाहीत."

नोटा बेलारूसच्या होत्या. त्याही 2016 मध्ये बाद झालेल्या. त्या साली बेलारूसनं आपल्या चलनातली चार शून्यं उडवली आणि पुढं जुन्या नोटांचा कागद झाला. प्रागच्या रस्त्यावर पाहुण्यांच्या गळ्यात मारायला तो अजून उपयोगी पडतो. धाकटा मागे पळाला, पण तो माणूस कशाला थांबतोय? ना दुकान, ना पावती. कायद्याचे तीन तास मोजायचे तरी कुठून?

मावशी त्याला रागावली नाही. एवढंच म्हणाली, "लिलावात सगळ्यांच्या वर भाव पुकारणारा एक व्यापारी आला होता आमच्याकडं. साऱ्या गावाचा कांदा उचलला त्यानं. त्याची पट्टी अजून यायचीय."

मग ती स्वतः निघाली. हमरस्ता सोडून आडव्या गल्लीत एक दुकान दिसलं, त्याच्या दारात शिरली. खिडकीशी जाऊन तिनं शंभराची नोट काचेला बाहेरून टेकवली, पण हातातून सोडली नाही. दुसऱ्या हातानं हवेत लिहिल्यासारखं केलं. आतल्या मुलीला कळलं. तिनं कॅल्क्युलेटरवर आकडा काढून दाखवला, 2460. मावशीनं मनात अडीच हजार धरले, चाळीस वजा केले. एवढं तर दुकान चालवायलाही लागतं. मान हलवली, आणि मगच नोट आत गेली. आलेल्या नोटा तिनं खिडकीवरून न हलता मोजल्या. मागच्या रांगेत कुणी खाकरलं, तरी तिनं पुन्हा एकदा मोजल्या.

धाकटा त्या दिवशी शिकला म्हणायचा. रोख मोडायची त्याची हिंमत राहिली नव्हती, म्हणून एटीएमवर गेला. मशीन मोठं अगत्यशील निघालं. 2000 कोरुनांचे पैसे खात्यातून रुपयांत वळते करू की कोरुनांत, असं त्यानं विचारलं, आणि रुपयांचा पक्का आकडा समोर ठेवला. आपले रुपये दिसले की माणसाला बरं वाटतं. पण धाकट्यानं मावशीचा हिशेब लावला. बँकेच्या दरानं किती व्हायला हवेत आणि हे किती मागतंय? फरक मोठा होता. त्यानं कोरुना दाबलं. पुण्याच्या बँकेनंही तिचे दोन-तीन टक्के घेतले असणारच, पण दोन ठिकाणी बट्टा देण्यापेक्षा एके ठिकाणी दिलेला परवडतो.

आता उरला थोरला. एकदा पोळल्यावर त्यानं चंगच बांधला होता. मावशीनं गल्लीतलं दुकान दाखवलं, तर म्हणाला, "24.60? याहून बरा मिळेल." पुढच्या दुकानात 24.70. पूल ओलांडून तिसऱ्यात 24.65. मोबाइलवर शोधत तो परत अलीकडे आला. व्लताव्हा नदीवरचा तो दगडी पूल 1357 साली बांधायला घेतलेला, दोन्ही अंगांना संतांचे पुतळे. थोरला त्यावरून दोनदा गेला आणि दोन्ही वेळा मान खाली घालून, मोबाइलच्या पडद्याकडे बघत. मावशी आणि धाकटा पुलावर एका म्हाताऱ्याचं अ‍ॅकॉर्डियन ऐकत बसले होते. त्यांच्या पुढून गेला तरी त्याला ते दिसले नाहीत.

चार वाजत आले. 1410 सालचं ते घड्याळ बघायला चौकात ही गर्दी. गाइडनं मावशीला जागा करून दिली आणि बाहुल्या दाखवल्या. डावीकडे आरसा घेतलेला गर्विष्ठ, त्याच्या शेजारी पैशाची थैली धरलेला कंजूष, उजवीकडे हाडांचा सापळा. चारच्या ठोक्यावर सगळं सुरू झालं. सापळ्यानं दोरी ओढून घंटी वाजवली, थैली हलली, वरच्या दोन खिडक्या उघडल्या आणि येशूचे शिष्य एकामागून एक दर्शन देऊन गेले. शेवटी सोनेरी कोंबडा आरवला. मावशीनं नकळत हात जोडले होते.

गर्दी पांगत असताना थोरला धापा टाकत आला. शर्ट पाठीला चिकटलेला, हातात पावती.

"24.85! मावशी, 2485 आले. तुझ्यापेक्षा पंचवीस जास्त." पंचवीस कोरुना म्हणजे शंभर रुपयांच्या आत-बाहेर.

"बरं झालं. आणि घड्याळ बघितलंस?"

"कसलं घड्याळ?"

मावशीनं बोटानं वर दाखवलं. थोरल्यानं पाहिलं, तेव्हा दोन्ही खिडक्या मिटलेल्या होत्या. थैलीवाला तेवढा आपली थैली धरून उभा होता.