लिंबू टोचलेली कट्यार

आतेभावाच्या लग्नात मला एकच काम नेमून दिलं होतं. नवरदेव वाकला, हात धुवायला उठला किंवा कुणाच्या पाया पडायला निघाला, की त्याच्या हातातली कट्यार आपण धरायची आणि ती जमिनीला टेकू द्यायची नाही. कट्यारीच्या टोकाला लिंबू टोचलेलं होतं. लग्नघरातल्या इतर वस्तू भाड्याच्या किंवा सावंतवाडीच्या बाजारातून आणलेल्या होत्या. कट्यार मात्र आत्याच्या सासरची, जुनी, फडक्यात गुंडाळून ठेवलेली. सकाळपासून ती माझ्या हातात येत-जात होती आणि दुपारपर्यंत माझं लग्नावरचं लक्ष उडालं होतं.

दोन समांतर पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या दोन आडव्या दांड्या, एवढीच तिची मूठ. तलवारीची किंवा सुरीची मूठ पात्याच्या रेषेत असते. कट्यारीची मूठ पात्याला आडवी असते. चार बोटं आत घालायला गेलो तर करंगळी बाहेर राहिली. पण उरलेल्या तीन बोटांनी मूठ आवळली आणि एकदम कळलं की मनगटाला आता काही काम उरलेलं नाही. दोन्ही पट्ट्या मनगटाच्या दोन बाजूंना बसल्या आणि पातं सरळ हाताच्या हाडाच्या रेषेत आलं. बुक्की मारायची, बस्स. पुढचं पातं करणार. तिचं टोक मधल्या पात्यापेक्षा जाड होतं. जुन्या कट्यारींचं टोक मुद्दाम असं जाड ठेवत, म्हणजे चिलखताच्या कड्या फोडून आत शिरताना ते मोडत नसे. ह्या वस्तूने भाजी चिरता येत नाही, फांदी तोडता येत नाही, नारळ सोलता येत नाही. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाच्या शरीरात शिरणं एवढ्याच एका हेतूने ती घडवलेली होती, आणि त्याच टोकावर आता पिवळंधमक लिंबू होतं.

त्याच घराच्या मागच्या पडवीत, खुंटीला, कोयता टांगलेला होता. आमच्या किनाऱ्यावर कोयता नाही असं घर नाही. माडाचं झावळ, फणसाची फांदी, कुंपणाची निवडुंगं, शहाळ्याचं तोंड, सगळं त्याच्यावर. लहानपणापासून कोयता म्हटलं की मला शहाळ्याचं पाणी आठवत आलं आहे. गेल्या काही वर्षांत हाच शब्द पुण्याच्या बातम्यांतून 'कोयता गँग' होऊन परत आला. कोवळी पोरं हातात कोयते घेऊन गल्लीतल्या गाड्यांच्या काचा फोडतात, माणसांच्या अंगावर जातात आणि त्याची चित्रफीत काढून मित्रांना पाठवतात. माणूस मारायला जन्मलेली कट्यार मांडवात मंगल झाली, आणि झाडावर पोट भरायला जन्मलेला कोयता रस्त्यावर शस्त्र झाला. ही अदलाबदल मला स्वस्थ बसू देत नाही. लोखंडाने काही केलेलं नाही. मग बदललं काय?

अवजार आणि शस्त्र ह्यांच्यातली भिंत मुळात पातळ होती. चौदाव्या शतकात इब्न बतूता हिंदुस्थानात होता. त्याने कट्यारीचं जे वर्णन लिहून ठेवलं आहे त्यात तो तिला नांगराच्या फाळाची उपमा देतो. हात आत घातला की कोपरापर्यंतचा भाग झाकला जातो आणि पुढे दोन हात पातं उरतं, असं तो सांगतो. पुढे १३४२ मध्ये तो सुलतानाचा दूत म्हणून दिल्लीहून निघाला आणि खंबायतच्या आखातातून जहाजाने गोव्याकडे गेला, म्हणजे आमच्या ह्याच किनाऱ्यासमोरून. एका परक्या माणसाला शस्त्र पाहून शेत आठवलं, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. बिचव्याचं तसंच. नाव विंचवाच्या नांगीवरून, आणि दुहेरी बाक मात्र म्हशीच्या शिंगाचा. दक्षिणेत शिंगांचेच खंजीर होते आणि लोखंडाच्या बिचव्याने तो बाक त्यांच्याकडूनच घेतला असं मानतात. नेपाळची खुकरी सकाळी लाकूड फोडते आणि लढाईत सैनिकाच्या कमरेला असते. गोठा, शेत, रान ह्यांतूनच ही पाती कमरेला आली.

मराठी माणसाच्या मनात बिचवा आणि वाघनखं ह्यांची जागा एका दिवसाने पक्की केली: १० नोव्हेंबर १६५९. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांजवळ ही दोन्ही होती असं सभासदाच्या बखरीत आहे. आपण ह्या प्रसंगाकडे युक्तीची गोष्ट म्हणून पाहतो. मला त्यात अंतर दिसतं. अफाट फौज, तोफा, हत्ती, घोडदळ ह्या सगळ्यांचा निकाल अखेर एका मिठीच्या अंतरावर लागला. तिथे तलवार उपसायलाही जागा नव्हती. खानाचा श्वास ज्याच्या गालाला लागत होता, त्याच्याच हातात निर्णय होता.

जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात मांडली गेली. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ ह्याच्याकडे ती आली होती आणि त्याच्या वंशजाने लंडनच्या संग्रहालयाला दिली. अफजलखानाच्या भेटीतली वाघनखं हीच का, हे सिद्ध करता येत नाही असं ते संग्रहालय स्वतःच सांगतं, आणि त्यावरून आपल्याकडे बराच वाद झाला. मीही रांगेत उभा राहिलो. काचेआड चार नखं, दोन अंगठ्या, एक पट्टी. तळहातात मावेल एवढं. पुढच्या बाईंच्या कडेवर मुलगा होता. काच पाहताच त्याने आपली बोटं वाकवून पंजा केला. त्याला कुणी काही समजावलं नव्हतं. खरी-खोटी हा वाद इतिहासकारांनी जरूर करावा, तो आवश्यक आहे, पण लोक सातासमुद्रापारच्या लोखंडासाठी रांग लावतात ते लोखंडासाठी नव्हे. त्या अंगठ्यांत शिरलेली बोटं त्यांना पाहायची असतात.

आणि बोटं तर आमच्याकडे आहेत. मालवणच्या बंदरावरून होडीने सिंधुदुर्गावर गेलात की तटावर दोन लहान घुमट्या लागतात. त्यांच्याखाली चुन्यात उमटलेला एक हात आणि एक पाऊल आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर ह्या किल्ल्याचा पाया घातला गेला, बांधकाम तीन वर्षं चाललं. ते ठसे महाराजांचे, ही इथली श्रद्धा. मी तिथे कितीदा गेलो असेन. प्रत्येक वेळी कुणीतरी आपला तळवा त्या ठशावर दुरून धरून मापून पाहतंच. साताऱ्याला काचेआड हाताशिवाय शस्त्र होतं, आणि इथे वाऱ्यापावसात शस्त्राशिवाय हात आहे.

आमच्या किनाऱ्यावर जुनी शस्त्रं फारशी उरली नाहीत, आणि त्याचं पहिलं कारण अगदी साधं आहे: खारा वारा. चार पावसाळे तेल लागलं नाही तर खिडकीचे गजसुद्धा पापुद्रे सोडतात, तिथे पात्याची काय कथा. नाहीतर शस्त्र बाळगणारी माणसं इथे कमी नव्हती. स्वराज्याच्या आरमारात गाबीत, भंडारी, कोळी होते. मायनाक भंडाऱ्याने १६७९ मध्ये खांदेरीला इंग्रजांना झुंजवलं. गुराबांनी तोफा डागायच्या आणि गलबतांनी वल्ही मारत शत्रूच्या जहाजाला जाऊन भिडायचं, ही मराठी आरमाराची रीत. भिडल्यावर लढाई दोरखंडांच्या, शिडांच्या आणि माणसांच्या गर्दीत व्हायची. तिथे लांब पात्यापेक्षा आखूड पातं कामाचं, हे कुणीही होडीत उभं राहून हात फिरवून पाहावं. पुढे १७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेऊन त्याचं नाव 'फोर्ट ऑगस्टस' ठेवलं. तो कोल्हापूरकरांकडे परत आला, पण १८१२ च्या तहाने मालवण कायमचं गेलं. दुसरं कारण हेच: कंपनी सरकार आणि नंतर १८७८ चा शस्त्र कायदा ह्यांनी कमरेची शस्त्रं उतरवली. पडवीतल्या कोयत्याला मात्र कुणी हात लावला नाही.

आजचा कायदाही ह्याच फरकावर उभा आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची शस्त्रं मोडतात, मात्र घरकामाची, शेतीची आणि उद्योगाची हत्यारं त्यातून वगळली आहेत. कोयता ह्या मापांत बसतो आणि तरी शस्त्र ठरत नाही, कारण तो ज्यासाठी केला ते काम वेगळं. उलट शीख बांधवांच्या कृपाणाला संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदात धर्माचं अंग म्हणून जागा दिली आहे. म्हणजे पात्याकडे पाहताना कायदासुद्धा फूटपट्टीवर थांबत नाही. हे कशासाठी आणि कुणाच्या हातात, हे तो विचारतो. मला हा कायद्याचा मोठा शहाणपणा वाटतो.

आमच्या गावचा लोहार कोयता करतो तो ट्रकच्या जुन्या पाट्यापासून. भात्याने कोळसे फुलतात, पाटा लाल होतो, ऐरणीवर घण पडतो. आकार आला की खरी गंमत पुढे असते. तापलेली धार तो पाण्यात बुडवतो, बाहेर काढून पटकन दगडाने घासतो आणि बघत राहतो. मागच्या बाजूची उष्णता हळूहळू धारेकडे सरकते, तसे लखलखीत पोलादावर रंग धावत येतात: आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा. जांभळा धारेला टेकला की चुर्रकन पुन्हा पाण्यात. क्षणभर उशीर झाला तर धार मऊ, लवकर बुडवलं तर ठिसूळ. ह्याला तो पाणी देणं म्हणतो. पाणीदार माणूस, पाणीदार डोळे, 'दाखव तुझ्यात किती पाणी आहे ते', ह्या सगळ्या बोलण्यात मला त्या चुर्रकन आवाजाची आठवण ऐकू येते. फार कडक नाही, फार मऊ नाही. संग्रहालयातल्या कट्यारींनाही कुणा अनाम लोहाराने असंच रंग बघत पाणी दिलं असणार. राजाचं नाव राहिलं, लोहाराचं गेलं. पण त्याची नजर अजून ह्या भात्यापाशी बसलेली आहे.

आणि कोयता वापरायची रीत शिकवतो तो माडावर चढणारा पाडेली. आमच्या आगरात येणारे पाडेली काका कमरेला मागे आकडी बांधत, तिच्यात कोयता अडकवत आणि दोन्ही हात मोकळे ठेवून माडावर चढत. मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांचा कोयता उचलून हवेत फिरवला. ते ओरडले नाहीत. जवळ येऊन त्यांनी माझं मनगट धरलं. "बाबा, आधी मागे कोण हा ता बघ, मगे कोयतो उगार." मग माझ्याकडून दहा वेळा मागे वळून बघवून घेतलं आणि त्यानंतर एक शहाळं माझ्यापुढे ठेवलं. कोयत्याबरोबर मला मिळालेलं हे पहिलं शिक्षण. पुण्याच्या गल्लीतल्या त्या पोरांच्या हातात कोयता दुकानातून आला. माड आला नाही, पाडेली आला नाही, मनगट धरणारं कुणी आलं नाही. त्यांना कोयत्याचं आकर्षण वाटतं हा त्यांचा गुन्हा नव्हे. ते मलाही वाटतं, त्या कडेवरच्या मुलालाही वाटलं. गुन्हा पुढे घडतो आणि त्याची शिक्षा त्यांना झालीच पाहिजे. पण पोराच्या हातात पातं येण्याआधी त्याच्या मागे कुणीच उभं नव्हतं, ह्याचा हिशेब आपण मोठ्यांनीही द्यायला हवा.

हे आकर्षण खोल आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली' १९६७ मध्ये रंगभूमीवर आलं. संगीत जितेंद्र अभिषेकींचं, ते गोव्यातल्या मंगेशीचे, म्हणजे आमच्या शेजारचेच. राजगायकाला मानाची कट्यार मिळते आणि तिच्यासोबत एक खून माफ. नाटकात ती कट्यार राजगायक झालेल्या खांसाहेबांपाशी असते आणि प्रेक्षक तिच्यावरून नजर हलवू शकत नाही. बंदूक तशी असती तर नाटक उभं राहिलं नसतं असं मला वाटतं. बंदुकीला फक्त नेम लागतो. कट्यार चालवायची तर समोरच्याच्या डोळ्यांत पाहत जवळ जावं लागतं, आणि तेवढी पावलं चालताना माणसाला थांबायला वेळ मिळतो. हजारो मैलांवरून बटण दाबून माणसं मारली जातात अशा काळात आपण जगतो. जुन्या आखूड पात्याची ओढ वाटते त्यात ह्याचाही वाटा आहे. तिथे मारणाऱ्याला मरणाऱ्याचा चेहरा चुकवता येत नव्हता. मी त्या काळाचं कौतुक करत नाही. तेव्हाचे मृत्यू आजच्या इतकेच भयंकर होते. पण ते कुणाच्या हातून झाले हे त्या हाताला ठाऊक असे.

खंडेनवमीला आमच्या घरी पाटावर हत्यारं मांडतात. कोयता, कुऱ्हाड, आईचा आडाळो म्हणजे विळी, वडिलांची करवत, आता त्यांत माझा स्क्रूड्रायव्हरही असतो. कट्यार आमच्याकडे नाही. आत्याकडे त्या दिवशी ती फडक्यातून बाहेर निघते आणि कोयत्याच्या शेजारी बसते. दोघांवर तीच हळद, तेच कुंकू, तेच झेंडूचं फूल.

लग्नाच्या संध्याकाळी वरात परतल्यावर मी कट्यार आत्याच्या हातात दिली. पाहुण्यांचं चहापाणी व्हायचं होतं, तरी ती तिथेच उंबऱ्यावर बसली. लिंबू काढून तिने बाजूला ठेवलं. दिवसभरात रस टोकावरून खाली ओघळला होता आणि जिथे जिथे तो पोचला होता तिथे पातं काळपट झालं होतं. आत्याने चुलीतली चिमूटभर राख घेतली आणि अंगठ्याने, धारेला न लागता, सावकाश तो डाग घासला. पदराने कोरडं केलं. मग खोबरेल तेलाचा हात फिरवला, मुठीच्या दांड्यांवरही, जिथे माझी बोटं होती तिथे.

"लिंबू रात्रभर राहिलं तर खातं रे तिला," ती म्हणाली आणि फडकं मागायला तिने हात पुढे केला.