कातड्याचं शीट

सायकलचं कातडी शीट नवं असतं तेव्हा पाटासारखं टणक लागतं. पाचशे-हजार किलोमीटर झाले, की बसणाऱ्याच्या हाडांच्या जागी दोन खळगे पडतात आणि ते त्याच्या अंगाचं होतं. पंढरपूर ते सोलापूर 72 किलोमीटर, पुढं तुळजापूर 45. एवढ्या पल्ल्याला फोमचं शीट आधी मऊ वाटतं, मग घाम धरतं नि जांघा सोलतात. कातडं घाम पितं आणि वाळतं.

पण ते जपावं लागतं. नुसतं माळ्यावर टाकलं तर बुरशी धरतं, तडकतं. मायेनं रोज तेल चोळलं तर मऊ पडून मधी झोळी होते. झोळी काढायला नाकाखालचा नट करकचून आवळला, तर रिव्हेटपाशी फाटतं. भिजल्यावर तसंच दामटलं तर ताणतं, चुलीपाशी वाळवलं तर चिपाड होतं.

हे मला शिकवलं गावच्या एका म्हाताऱ्या चर्मकारानं. चरबी-मेणाचा लेप घेऊन मी विचारलं, "आबा, किती लावू?"

"बोटावर राहील एवढंच. कातड्याला तहान असती, हाव नसती."

पावसात वर पिशवी बांधावी, सावलीत वाळवावं, नट लागलाच तर पाव आटा फिरवावा आणि नेमानं बसावं. जपणं म्हणजे एवढंच. पण हे सगळं झालं शीटाचं. ज्याच्या हातून ते शिकलो, त्याचं काय?

आबा वयानं माझ्या आजोबांएवढे. गाव त्यांना अरे-तुरे करायचं. मेलेलं ढोर ओढायचं, सोलायचं, कातडं बाभळीच्या सालीत नि हिरड्यात मुरवायचं, शिवायचं, ही कामं करणाऱ्यांची घरं गावाबाहेर. माझ्या लहानपणी विहिरीवर कातड्याची मोट चालायची. तिचं पाणी सगळं गाव प्यायचं, देवाच्या अंघोळीलाही चालायचं. मोट शिवणाऱ्याला मात्र त्याच विहिरीवर चढता येत नव्हतं. त्याच्या ओंजळीत पाणी वरून पडायचं. कातडं चालत होतं, हात चालत नव्हता.

वस्तू नीट ठेवणाऱ्याला आपण चांगला माणूस म्हणतो. मला हे अर्धंच पटतं. शीटाला बोटभर लेप लावायचा आणि ते शिवणाऱ्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करायची, याला जपणं कसं म्हणावं? त्या बैलानं जन्मभर ओढलं, मेल्यावर कातडं दिलं. त्याचं ऋण फेडता येत नाही. पण माणूस समोर बसलेला आहे. त्याचं फेडता येतं.

माझा नातू म्हणतो, "आजोबा, आता कुठं राहिलंय तसलं?" मोट गेली, विहिरीवर मोटार आली, हे खरं. सरकारनं गटई कामगारांना पत्र्याचे स्टॉल द्यायची योजनाही काढली. तरी तालुक्याच्या बाजारात उन्हात पोतं अंथरून बसलेला माणूस मला दिसतोच. लोक चप्पल त्याच्यापुढं टाकतात, हातात देत नाहीत. पैसेही तसेच टाकतात.

नातवाला मी एवढंच सांगितलं, शीट शिवायला नेशील तेव्हा त्यांना अहो म्हण, पैसे हातात दे, आणि चहा सांगितलास तर दोन सांग.