थंड इंजिन

देवळालीची हवा चांगली, हे आम्ही अशा थाटात सांगतो की जणू ती आम्हीच तयार केली. मुंबईचे पारशी, गुजराती पिढ्यान्‌पिढ्या इथे हवापालटाला येत आले. कॅम्पातली सॅनिटोरियम त्याचीच साक्ष. शेजारचं नाशिक २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या प्रदूषित शहरांच्या यादीत आहे, पण त्याचं खापर द्वारका सर्कलच्या ट्रकांवर फोडलं की आम्ही मोकळे.

माझी गाडी पेट्रोलची. पीयूसी वेळेवर. धूर दिसत नाही. कायद्याने मी स्वच्छ आहे, आणि याच स्वच्छपणाबद्दल अलीकडे मला शंका येऊ लागली आहे.

गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापला की मगच नीट कामाला लागतो. त्याआधी कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेलं पेट्रोल बरंचसं तसंच बाहेर पडतं. त्यात बेंझीन असतं. रक्ताच्या कर्करोगाशी त्याचा संबंध सिद्ध झालेला आहे. कार्बन मोनॉक्साइड तर हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेपट जोराने चिकटतो. दुखऱ्या हृदयाला ते फार महाग पडतं. आणि माझी फेरी कुठली? दूध, पाव, फार तर लॅम रोडवरचं औषधाचं दुकान. कन्व्हर्टर तापेतो मी पोचलेलोही असतो. पीयूसीवाला मात्र तापलेलं इंजिन तपासतो. म्हणजे दाखल्यावर जी गाडी आहे, ती माझ्या गल्लीत सकाळी नसतेच.

गल्लीच्या तोंडाशी शाळेच्या बसची वाट पाहणारी पोरं असतात. बालवाडीतल्यांची नाकं सायलेन्सरपासून फार उंच नाहीत. वजनाच्या मानाने मुलं आपल्यापेक्षा जास्त हवा ओढतात. डिसेंबरात थंड हवा जमिनीलगत दबून राहते, धूर वर चढत नाही. काच बंद, हीटर चालू, मी त्यांच्या शेजारून निघतो. एखादा ओळखीने हातही हलवतो.

सायकल आहे घरात. गुडघ्याचं कारण मी इतक्यांदा सांगितलंय की घरातले आता विचारतही नाहीत. खरं कारण थंडी आणि थोडीशी ऐट: या वयात पिशवी लटकवून सायकलवर कोण दिसणार? संध्याकाळी याच गुडघ्यांवर मी तासभर फिरून येतो, तेही मोकळी हवा खायला.