शरीरात हुकूम कोणाचा?

गलगंड झालेला गळा पाहिला की ग्रंथी माजली आहे असंच कोणालाही वाटेल. ती उपाशी असते. थायरॉइड ग्रंथीला आपलं संप्रेरक तयार करायला आयोडीन लागतं. थायरॉक्सिनच्या एका रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. आहारातून आयोडीन मिळेनासं झालं की रक्तातलं थायरॉक्सिन उतरतं. मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीला ते लगेच कळतं आणि ती थायरॉइडला चेतवणारं आपलं संप्रेरक वाढवते. लॅबच्या रिपोर्टवर आपण टीएसएच वाचतो ते हेच. थायरॉइड बिचारी दुप्पट राबू लागते, पेशी वाढवते, रक्तातून जाणारा आयोडीनचा कणन्‌कण ओढून घेते. कच्चा मालच नसल्यामुळे उत्पादन वाढत नाही, म्हणून टीएसएचही खाली येत नाही. असं वर्षानुवर्षं चालल्यावर जे गळ्यावर दिसतं, ते त्या ग्रंथीच्या कष्टांचं माप असतं.

हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात गलगंड घरोघरी होता. पावसाने आणि वितळणाऱ्या बर्फाने तिथल्या मातीतलं आयोडीन धुऊन नेलं होतं. मातीत नाही म्हणून पिकात नाही, पिकात नाही म्हणून माणसात नाही. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये या खोऱ्याचे भाग पाडले. काही भागांना आयोडीनयुक्त मीठ दिलं, एका भागाला साधं. काही वर्षांत आयोडीनचं मीठ खाणाऱ्या गावांतला गलगंड झपाट्याने कमी झाला, साध्या मिठाच्या गावांत तो होता तसाच राहिला. मग तिथेही आयोडीनचं मीठ पोहोचवलं गेलं. या कामाच्या आधारावर १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि पुढे देशभर घराघरांतलं मीठ बदललं. प्रौढ माणसाला दिवसाला लागतं किती, तर सुमारे १५० मायक्रोग्रॅम. स्वतंत्र भारतात सार्वजनिक आरोग्यासाठी जे काही झालं, त्यात मला हे काम फार वरच्या जागेवर ठेवावंसं वाटतं, कारण त्याने दोष गळ्यात न शोधता मातीत शोधला.

अंतःस्रावी ग्रंथींचा विचार करताना आपण नेमकी इथेच चूक करतो. पाठ्यपुस्तकांतून पीयूषिकेची ओळख होते ती इतर ग्रंथींवर हुकमत चालवणारी ग्रंथी म्हणून. वर राजा, खाली सरदार, त्याखाली प्रजा, असं चित्र मनात बसतं. शरीरात ते कुठे सापडत नाही. पीयूषिका थायरॉइडला सांगते, हे खरं. पण किती जोराने सांगायचं हे थायरॉइडमधून आलेलं थायरॉक्सिनच ठरवतं. ते वाढलं की पीयूषिका आपोआप गप्प होते. पीयूषिकेच्याही वर मेंदूतला हायपोथॅलॅमस आहे, आणि त्यालाही हेच थायरॉक्सिन आवर घालतं. ज्याला हुकूम द्यायचा त्याच्याकडूनच हुकमाची मर्यादा येते. या वर्तुळात शेवटचा शब्द कोणाचाच नसतो.

हे वर्तुळ माणसाला कळायला किती सायास पडले! हायपोथॅलॅमसकडून पीयूषिकेला जाणारा संदेश कसला असतो, हे शोधण्यासाठी रॉजर गियमँ आणि अँड्र्यू शॅली यांनी वेगवेगळ्या प्रयोगशाळांत, एकमेकांशी तीव्र स्पर्धा करत, एकाने मेंढ्यांच्या तर दुसऱ्याने डुकरांच्या लाखो मेंदूंचे तुकडे गाळले. हाती आलेला पदार्थ मिलिग्रॅममध्ये मोजण्याइतका होता. १९६९ मध्ये उलगडा झाला तेव्हा कळलं, की तो संदेश म्हणजे जेमतेम तीन अमिनो आम्लांची साखळी आहे. १९७७ चं नोबेल या दोघांबरोबर रोझालिन यॅलो यांनाही मिळालं. रक्तातली इतकी सूक्ष्म संप्रेरकं मोजण्याची पद्धत त्यांनी सॉलोमन बर्सन यांच्यासह शोधली होती, आणि यॅलो व बर्सन यांनी तिचं पेटंट घेतलं नाही. आज तालुक्याच्या गावातल्या लॅबमध्येही टीएसएच तपासता येतं, त्यामागे ती कल्पना आहे. थायरॉक्सिन थोडंसं घटलं तरी टीएसएच कितीतरी पटींनी चढतं. म्हणून कित्येकदा रिपोर्टवर थायरॉक्सिन अजून ठीक दिसत असताना टीएसएच वाढलेलं असतं. ग्रंथी थकत चालली आहे, हे पीयूषिकेने आपल्या आधी ओळखलेलं असतं.

आणि ग्रंथी थकते तेव्हा माणूस कसा दिसतो? १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरकडे ४६ वर्षांची एक स्त्री होती. चेहरा सुजलेला, बोलणं संथ, हालचाली जड, कशातच मन नाही. मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क तिला टोचायला सुरुवात केली. काही आठवड्यांत चेहऱ्यावरची सूज उतरली, बोलण्यात वेग आला, तिला घराबाहेर पडावंसं वाटू लागलं. पुढे मेंढीची थायरॉइड खाण्यातून घेत ती आणखी २८ वर्षं जगली. मला या हकिगतीत औषधाच्या यशापेक्षा दुसरंच काहीतरी अस्वस्थ करतं. आजाराआधी तिला ओळखणाऱ्यांनी तिचं ते मंदावणं वर्षानुवर्षं पाहिलं असणार, आणि हळूहळू त्याला तिचा स्वभाव मानलं असणार.

आपल्या घरांतही हेच चालतं. थायरॉइडचे विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये कितीतरी जास्त होतात. थकवा, वाढतं वजन, गळणारे केस, सोसवेनाशी झालेली थंडी, सतत उदास वाटणं, या तक्रारी घेऊन एखादी बाई बोलू लागली तर तिला ऐकावं लागतं की कामाचा कंटाळा आलाय, किंवा आता वय झालं. दुसऱ्या टोकाला, तिला रास्त कारणाने राग आला तरी तो हार्मोन्सचा खेळ म्हणून बाजूला सारला जातो. शरीराकडे पाहायला हवं तिथे स्वभावाकडे बोट, आणि तिचं म्हणणं ऐकायला हवं तिथे शरीराकडे. दोन्हींत तिला समजून घ्यायचे कष्ट वाचतात, म्हणून दोन्ही सोयीचं पडतं. हे मला मनापासून अन्यायाचं वाटतं.

संप्रेरक पुरेसं असणं एवढ्यावरही भागत नाही. ते ज्या पेशीपर्यंत पोहोचतं तिने ते स्वीकारावं लागतं. अ‍ॅड्रेनलिन तेच, पण त्याने स्नायूंकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्वचेच्या आकसतात, कारण ते स्वीकारणारे पेशींवरचे ग्राहक रेणू दोन्हीकडे वेगळे. प्रौढपणी होणाऱ्या मधुमेहात सुरुवातीला इन्शुलिन कमी नसतंच, अनेकदा जास्तच असतं. पेशींना ते नीट ऐकू येत नाही, म्हणून कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी घरचे जसे वरच्या पट्टीत बोलू लागतात तसं स्वादुपिंड इन्शुलिन वाढवत राहतं, आणि काही वर्षांनी दमतं.

अशा माणसाला आपण सहज म्हणतो, गोड फार खाल्लं, जिभेवर ताबा नव्हता. खाण्याचा वाटा आहेच. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाने हा हिशेब फार मागे नेला. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बायकांचा गर्भारपणाच्या आधीपासून त्यांनी अभ्यास केला. त्यांची बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोच्या आसपास होती, म्हणजे इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी. हलकेपणा होता तो स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुण्याच्या आणि लंडनच्या गोऱ्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासलं तेव्हा पुण्याच्या बाळांत इन्शुलिन जास्त आढळलं. दिसायला किडकिडीत पण आतून चरबीचं, असं हे शरीर जन्माच्याही आधी घडू लागतं. ते घडताना आईच्या ताटात काय होतं आणि तिच्या स्वतःच्या लहानपणी काय होतं, हे सगळं त्यात असतं. पन्नाशीतल्या माणसाच्या साखरेचा जाब फक्त त्याच्या जिभेला विचारणं मग मला थिटं वाटू लागतं.

वर्तुळ आहे हे विसरलं की माणसाच्या जिवावर कसं बेततं, त्याचं एक उदाहरण सांगायलाच हवं. मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात. ते पहाटेपासून चढतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली असतं. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या की पीयूषिकेला वाटतं, कॉर्टिसॉल भरपूर आहे. ती आपली हाक थांबवते. हाक न आलेल्या अधिवृक्क ग्रंथी आक्रसतात. मग बरं वाटतंय म्हणून माणूस एके दिवशी गोळ्या एकदम बंद करतो, त्यात ताप किंवा उलट्या सुरू होतात, रक्तदाब कोसळतो, आणि ऐन गरजेच्या वेळी ग्रंथींना उठताच येत नाही. डॉक्टर डोस हळूहळू उतरवायला सांगतात ते यासाठी. कुठल्याशा पुडीने गुडघे जादूसारखे बरे झाले असं कोणी सांगितलं तर त्या पुडीत स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी आणि रुग्णाला डॉक्टरकडे घेऊन जावं. पुडी मात्र आपल्या मनाने फेकून देऊ नये.

सर्वांत जास्त वाईट वाटतं ते ज्यांना काही सांगताच येत नाही त्यांच्याबद्दल. काही बाळं थायरॉइडशिवाय, किंवा नीट काम न करणाऱ्या थायरॉइडसह जन्मतात. आईचं थायरॉक्सिन वारेतून थोडंफार मिळालेलं असतं, त्यामुळे पहिल्या दिवसांत बाळ अगदी चांगलं दिसतं. शांत आहे, रडत नाही, खूप झोपतं, म्हणून घरात कौतुकही होतं. लक्षणं डोळ्यांत भरेपर्यंत काही महिने गेलेले असतात, आणि तेवढ्यात मेंदूचं जे नुकसान होतं ते नंतर कितीही गोळ्या दिल्या तरी पूर्ण भरून येत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत उपचार सुरू झाले तर अशी बहुतेक मुलं इतरांसारखीच शिकतात, वाढतात. निदानाला टाचेतून घेतलेले रक्ताचे काही थेंब पुरतात, आणि औषध म्हणजे रोज आईच्या दुधात विरघळवून द्यायची स्वस्तातली एक गोळी. तरीही आपल्याकडे ही चाचणी प्रत्येक बाळाला मिळत नाही; कुठल्या दवाखान्यात जन्म झाला यावर ते ठरतं. ती सगळीकडे सक्तीची होईपर्यंत निदान एवढं तरी करता येईल: बाळंतिणीला घरी नेण्याआधी, बाळाच्या थायरॉइडची तपासणी झाली का, आणि रिपोर्ट कधी मिळेल, हे तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारायचं.