डाळिंब्या सोलताना

बसा. खुर्चीवर नको, जमिनीवर, पाठ भिंतीला टेकवून. समोर मोड आलेल्या वालांची परात, बाजूला कोमट पाण्याचं पातेलं. जवळ तुमचं सात-आठ वर्षांचं मूल, जे शाळेत जात नाही. फोन आतल्या खोलीत राहू द्या.

बंगळुरूच्या महादेवपुऱ्यात सकाळी शाळांच्या पिवळ्या बसगाड्या निघून जातात, मागोमाग कंपन्यांच्या कॅब, आणि मग रिंग रोडवरचे हॉर्न तेवढे वर ऐकू येत राहतात. इमारतीतली मुलं गेलेली असतात. तुमचं मूल घरी असतं. त्या वेळी पोटात एक लहानसा गोळा येतो. घरी शिकवणाऱ्या बहुतेक आईबापांना तो ओळखीचा आहे. त्याला घालवायच्या मागे लागू नका. तो असू द्या, आणि एक वाल हातात घ्या.

टोकाशी हलका चिमटा. साल सैल होते, दाणा सटकतो. मुलाला समजावून सांगू नका, तुम्ही तुमचं सोलत राहा. ते बघेल, मग हात घालेल. त्याचे पहिले काही दाणे दुभंगतील. दुभंगू द्या, बिरड्याला त्यानं काही होत नाही.

आता मनातल्या मनात मागे जा. परवा रात्री वाल भिजत घातले. काल सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधले. आज मोड दिसताहेत, पण अजून आखूड आहेत, कारण हे शहर समुद्रसपाटीपासून साधारण नऊशे मीटर उंचीवर आहे आणि इथल्या गारव्यात कोकणातल्या आजीचा हिशेब लागू पडत नाही. हे सगळं मुलाला सांगावंसं वाटेल. उंची, तापमान, बीज, अंकुर, एका परातीत चार धडे. तो मोह नीट बघा. जिभेवर आलेलं वाक्य गिळा. प्रश्न यायचा असेल तर तिकडून येईल, आणि नाही आला तरी दाणे सोलून होतील.

इथे जरा थांबा आणि स्वतःला विचारा: ही परात मुलाला काही शिकवायचं म्हणून पुढे घेतली आहे, की रात्री बिरडं करायचं आहे म्हणून?

उत्तर लगेच देऊ नका. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. तीच परात, तेच हात. पण मुलांना फरक कळतो, आणि फार लवकर कळतो. घरपोच येणारा एखादा ‘ॲक्टिव्हिटी’चा खोका आठवा: कापून ठेवलेला पुठ्ठा, मोजून दिलेला डिंक, पाऊण तासात तयार होणारं पवनचक्कीसदृश काहीतरी, त्याचा फोटो, आणि दोन दिवसांनी कचऱ्याचा डबा. मला या खोक्यांचा राग नाही. पण त्यातलं काम कुणालाच नको असतं. ते मुलानं केलं नाही तर घराचं काही अडत नाही. सोललेल्या डाळिंब्यांचं तसं नाही. त्या झाल्या नाहीत तर रात्री पानात बिरडं नाही.

शेजारच्या दारापर्यंत जाऊन या, मनानंच. डिसेंबर-जानेवारीत बंगळुरूच्या बाजारात अवरेकाईचे ढीग लागतात. शेजारच्या कन्नड अज्जी ते ओले दाणे भिजवून, चिमटीत दाबून सोलतात. त्याला इथे हिदकिद बेळे म्हणतात. आपला वाल आणि त्यांचा अवरे ही वनस्पतिशास्त्राच्या लेखी एकच जात, लॅबलॅब. मुलाला वाटी देऊन त्यांच्याकडे पाठवा. तिथे त्याला कन्नड येईल, कारण तिथे कन्नडशिवाय भागणार नाही. सोप्पुवाल्याकडून, म्हणजे पालेभाजीवाल्याकडून, मेंत्या सोप्पुची, मेथीची, जुडी आणताना सुट्टे पैसे मोजावे लागतील, तेही कन्नडमध्येच. त्या वेळी तुम्ही मागे उभे राहून उत्तरं पुरवू नका.

आता याच राज्याच्या पश्चिमेकडे, सह्याद्रीच्या रानात जाऊ. गंगामूळ. तुंगा आणि भद्रा जिथे उगम पावतात तो डोंगर. १८५८ साली तिथे अनंतशास्त्री डोंगरे यांच्या घरी एक मुलगी जन्मली. पुढे जग तिला पंडिता रमाबाई म्हणून ओळखू लागलं. अनंतशास्त्र्यांनी बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं होतं, आणि त्यापायी समाजाचा रोष ओढवून घेतला होता. मुलगी काही महिन्यांची असताना घर सुटलं. वेताच्या पेटाऱ्यात घालून तिला डोंगराखाली आणलं, आणि पुढची वर्षं कुटुंब तीर्थामागून तीर्थं पायी फिरत राहिलं. पुराण सांगायचं, मिळेल त्यावर राहायचं. वडील थकले होते, म्हणून मुलीला आईनं शिकवलं. भल्या पहाटे, पाखरं बोलू लागण्याच्या सुमारास, आई झोपलेल्या मुलीला कुशीत घेऊन जागं करी आणि पाठ सुरू होई. शाळा नाही, वर्ग नाही, धड छप्परही नाही. भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले. १८७८ साली ही मुलगी कलकत्त्याला पोहोचली तेव्हा तिथल्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. मराठी माणसाला घरच्या शिक्षणाचा यापेक्षा उजळ दाखला सापडणं कठीण.

या पहाटेपाशी थोडं रेंगाळा. आईच्या मांडीवरचा पाठ. तुमच्याही मनात घरच्या शाळेचं चित्र जवळपास असंच असेल.

मग त्याच कुटुंबाचा दुष्काळ आठवा. १८७०च्या दशकात दक्षिणेत पाऊस गेला. जवळचे पैसे संपले, भांडीकुंडी गेली. वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण, सगळे काही महिन्यांत. रमाबाई आणि त्यांचा भाऊ उरले. पुढे १९०७ साली लिहिलेल्या आत्मकथनात रमाबाईंनी या दिवसांबद्दल फार कडवट सरळपणे लिहिलं आहे: भीक मागायला आणि अंगमेहनत करायला अभिमान आड येत होता, आणि पोट भरण्याचा दुसरा कोणताही व्यवहारी मार्ग त्यांना कुणी शिकवलेला नव्हता. घरातल्या त्या अद्भुत शाळेत जिभेला सगळं आलं होतं, हातांना काहीच नाही.

आईवडिलांना दोष द्यायला हे सांगत नाही. बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवणाऱ्या त्या माणसाचं धाडस आजही माझ्यानं मोजवत नाही. पण घरचं शिक्षण शाळेपेक्षा आपोआप बरं असतं असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा मला गंगामूळ आणि तो दुष्काळ एकदमच आठवतात. घर जे देतं ते मनापासून देतं, आणि घराला जे दिसत नाही ते मुलालाही दिसत नाही.

तुमच्या घराला काय दिसत नाही? सावकाश बघा. भांडी घासायला मावशी येतात. भाजी दहा मिनिटांत दाराशी येते. कपडे यंत्र धुतं. मग हातांना काम हवं म्हणून आपण पुठ्ठ्याचा खोका मागवतो. डोंगरे कुटुंबाच्या हातांना अभिमानानं अडवलं होतं, आपल्या मुलांच्या हातांना सोयीनं.

रमाबाई पुढे काय करत्या झाल्या ते पाहण्यासारखं आहे. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथे फ्रोबेलच्या बालोद्यान पद्धतीचं रीतसर प्रशिक्षण घ्यायला बसल्या. हजारो श्लोक पाठ असलेली, तोवर विधवा आणि एका मुलीची आई झालेली बाई लहान मुलांचे ठोकळे, कागद, माती हाताळायला शिकली. १८८९ साली मुंबईत शारदा सदन निघालं, पुढे पुण्याजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं, आणि तिथे दुष्काळातून आणलेल्या मुली लिहा-वाचायला शिकल्याच, शिवाय विणकाम, तेलाचा घाणा, दूधदुभतं, छापखाना असे उद्योगही शिकल्या. छापखान्यातल्या मुली खिळे जुळवत. एकेक अक्षर बोटानं उचलायचं, उलटं वाचायचं, ओळीत बसवायचं. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथेच छापलं गेलं. अक्षर आणि हात एका जागी आणायचे तर याहून चांगली जागा मला सुचत नाही.

त्याच धाग्यावर कोसबाड येतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यात वारली मुलांसाठी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. खडे, बिया, पानं, फुलं, शिंपले हीच साधनं. मूल शाळेत येत नाही तर शाळा मुलाच्या कामापाशी नेली.

पण कुरणशाळेचं नाव घेताना खिडकीतून खाली बघायला हवं. महादेवपुऱ्यात जिथे नवी इमारत चढते आहे तिथे बाजूला निळ्या ताडपत्रीची आणि पत्र्याची वस्ती असते. कलबुर्गी, यादगीर, रायचूरकडून आलेली माणसं. तिथली आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला सांभाळते, पाणी भरते, चूल पेटवते. घराला तिच्या कामाची गरज आहे, अगदी खरीखुरी. तिच्या हाताला सगळं येतं, पुस्तक मात्र नाही. घरी राहणं ही तुमच्या मुलाची निवड आहे, तिची नाही. या दोन मुलांना एकाच वेळी मनात धरा. जमत नाही, अस्वस्थ व्हायला होतं. तरी धरा. (रमाबाईंच्या मुलीनं, मनोरमाबाईंनी, पुढे गुलबर्ग्यात, म्हणजे आजच्या कलबुर्गीत, मुलींसाठी शाळा काढली होती हे इथे उगीच आठवतं.)

शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे तो मुख्यतः या मुलीसाठी. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य असल्याचं त्यात लिहिलं आहे. घरी शिकण्याबद्दल कायदा गप्प आहे. पुढे चौदा पूर्ण झाल्यावर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची दहावी देता येते, मराठी विषय घेऊनही. एवढं पुरे. नातेवाईक विचारतील तेव्हा हे सांगायला उपयोगी पडतं. ते पुढे मालविका जोशीचं नाव काढतील: मुंबईची मुलगी, सातवीच्या सुमारास आईनं शाळेतून काढलं, संगणक ऑलिंपियाडची तीन पदकं, बारावीच्या प्रमाणपत्राशिवाय २०१६ साली एमआयटी. छानच आहे. पण ती पट्टी तुमच्या मुलाच्या पाठीला लावू नका; लावली जातेय असं वाटलं तर परातीकडे बघा.

पुस्तकं वाचत राहा. रात्री मोठ्यानं, मराठीत, मूल ऐकतंय की नाही याची खातरजमा न करता. मुलाला वाचल्याबद्दल बक्षीस नको आणि गोष्ट संपल्यावर प्रश्न नकोत. पुस्तकाबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे.

आता शेवटचं, आणि हे डोळे मिटून नाही, उघडे ठेवून. घरात असं एक काम शोधा जे चुकलं तर सगळ्यांना जाणवेल. फार शोधावं लागणार नाही. २०२४च्या मार्चमध्ये या भागात बोअरवेल आटले, टँकरसाठी रांगा लागल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कावेरीच्या पाचव्या टप्प्याचं पाणी या बाजूच्या गावांसाठी सुरू झालं, शंभरेक किलोमीटरवरून, पंपांनी चढवून. तरी अनेक घरांत प्यायला वीस लिटरचा कॅन येतोच. तो किती दिवस पुरतो, पाहुणे असले की किती, उन्हाळ्यात किती, हे वहीत लिहिणं आणि संपायच्या आत दुकानदाराला कन्नडमध्ये फोन करणं हे काम मुलाला द्या. दुकानदाराचा नंबर त्याच्याच अक्षरात फ्रिजवर चिकटवा. एखाद्या दिवशी ते विसरेल. आठवण करून देऊ नका, गुपचूप फोनही करू नका. त्या संध्याकाळी नळाचं पाणी उकळायला ठेवा आणि ते निवेपर्यंत सगळ्यांनीच तहानलेलं राहा, तुम्हीसुद्धा.