कुंभ सापडण्याआधीची स्तुती

भाविकहो, श्रीगुरुचरित्राच्या १८व्या अध्यायातली घेवड्याची कथा आपण पारायणात वाचतोच. दरिद्री ब्राह्मणाने श्रीनृसिंह सरस्वतींना घेवड्याच्या शेंगांची भाजी वाढली. जाताना महाराजांनी तो वेलच तोडला! बायको रडली, यतींना बोल लावू लागली. ब्राह्मणाने मात्र तिला आवरले, निंदा करू दिली नाही. पुढे वेलाचे मूळ खणताना द्रव्याचा कुंभ लागला आणि दोघांनी गुरुचरणी जाऊन स्तुती केली.

अहो, कुंभ दिसल्यावर कोण हात जोडणार नाही? ब्राह्मणाची खरी स्तुती आधीच होऊन गेली होती. देवाचे सामर्थ्य देताना दिसते, तसेच नेतानाही. उतारवयात आपल्याही दारचा वेल तुटतो. जोडीदार जातो, घर रिकामे होते. रडू येईल, येऊ द्या. पण ओठांवर नाव दत्ताचेच असू द्या. कुंभ मिळो, न मिळो!

श्रीगुरुदेव दत्त!