वर्खाची दोन पानं

एक काचेची बरणी डोळ्यांसमोर आणा.

हातात मावेल एवढी. तोंडावर धातूची टोपी. टोपीखालून आत उतरलेली एक बारीक कांडी. कांडीच्या टोकाला सोन्याच्या वर्खाची दोन अरुंद पानं, एकमेकांना लागून सरळ खाली लोंबणारी.

बस, एवढंच.

श्वास आत येऊ द्या. सावकाश बाहेर जाऊ द्या. घाई कसलीच नाही.

आता फक्त त्या पानांकडे बघा.

पेढ्यावरचा वर्ख उचलायला गेलं की बोटालाच चिकटून येतो ना, तसलाच हा. एका मिलिमीटरच्या जाडीत याचे हजारो थर बसतील. उघड्यावर ठेवला तर तुमच्या उच्छ्वासानंही चुरगळेल.

म्हणून काच आहे. वर्ख आत, तुमचा श्वास बाहेर.

बघत राहा.

इंग्लंडमधल्या डर्बीशायर परगण्यात वर्क्सवर्थ नावाचं गाव आहे. तिथले धर्मोपदेशक अब्राहम बेनेट ही बरणी तयार करतात. १७८७ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तिचं वर्णन छापून येतं. त्याआधी वीज ओळखणारी गिल्बर्टची टेकूवर फिरणारी सुई होऊन गेली आहे, दोऱ्यांना टांगलेले कॅन्टनचे हलके गोळे होऊन गेले आहेत. तिकडे फ्रान्समध्ये कूलोंबनं तारेला पडणाऱ्या पिळावरून विद्युतबल मोजलंही आहे. कूलोंबचा तराजू जास्त नेमका, यात वाद नाही. पण शांत बसून बघायला मला बेनेटची बरणीच बरी वाटते. तिच्यात आकडा नाही. बघण्याखेरीज दुसरं काही करताच येत नाही.

बेनेट भात्यात खडूची पूड भरतात. टोपीवर एक फुंकर.

पानं फाकतात.

इतक्याशा पुडीच्या घासण्यानं!

थांबा. ते फाकणं पुन्हा एकदा मनात बघा.

आता तुमच्या हातात एक कंगवा आहे. कोरड्या केसांतून चार वेळा फिरवलेला. तो टोपीजवळ न्या. टेकवू नका. नुसता जवळ न्या.

पानं हलतात. एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्हींवर सारखाच विद्युतभार आलेला आहे आणि सारखे भार एकमेकांना दूर लोटतात.

कंगवा मागे घ्या. पानं मिटतात.

पुन्हा जवळ. उघडतात.

पुन्हा मागे. मिटतात.

हे करत राहा. श्वासाच्या लयीत केलं तरी चालेल. मधल्या रिकाम्या जागेतून काय जातं ते डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ती फक्त पानं.

आता कंगवा टोपीवर घासून काढून घ्या.

या वेळी पानं मिटत नाहीत. भार आत उतरला आहे. ती तशीच फाकलेली राहतात, उलट्या व्ही अक्षरासारखी.

शाळेत याला सुवर्णपत्र विद्युतदर्शी म्हणतात. आपण त्याची आकृती काढतो, भागांना नावं देतो आणि पान उलटतो. खरी गोष्ट सुरू होते ती इथून पुढे, आणि तिला वेळ लागतो.

तेव्हा बसा. पाठ सैल सोडा. पानांकडे बघा.

काहीच होत नाही.

अजून बघा.

फट किंचित अरुंद झाली आहे का? झाली आहे. कोणी टोपीला हात लावलेला नाही, बरणी हललेली नाही. तरी पानं जवळ येताहेत, इतक्या सावकाश की येताना दिसत नाहीत, आलेली कळतात.

भार कुठेतरी निघून चालला आहे.

कुठे?

लगेच उत्तर शोधू नका. या प्रश्नापाशी थोडं बसा. शंभराहून अधिक वर्षं लोकांनी ही गळती यंत्राचा दोष म्हणून सोडून दिली. काच दमट असेल, टेकू नीट नसेल.

मग एक जण सोडून देत नाही. सी. टी. आर. विल्सन वर्खाला गंधकाच्या मण्यावरून टांगतात, म्हणजे टेकूतून भार निसटू नये. भांडं बंद करतात. पानाची हालचाल सूक्ष्मदर्शकातल्या बारीक खुणांवर मोजतात. पान तरीही उतरतंच.

१९०१. स्कॉटलंडमध्ये पीबल्स गावाजवळचा रेल्वेचा बोगदा. रात्र झाली आहे, गाड्यांची ये-जा थांबली आहे. तिथे जा. डोक्यावर खडकाचा जाड थर. ओलसर गारवा. आणि अंधारात एक माणूस वर्खाच्या एका पानाकडे बघत बसलेला.

खोलीत हे पान ताशी ६.६ खुणा उतरत होतं. बोगद्यात ताशी ७ खुणा उतरतं.

भार घालवणारं काहीतरी आभाळातून येत असावं, असं विल्सनच्या मनात येऊन गेलेलं असतं. खडकाखालीही गळती कमी होत नाही, म्हणून ते हा विचार बाजूला ठेवतात. खडकातूनही किरण निघतात आणि त्यांच्यामुळेही हवेतून भार निसटतो, हा गुंता मात्र राहून जातो.

आता बोगद्यातून बाहेर या. मोठा श्वास घ्या. वर चला.

७ ऑगस्ट १९१२ ची सकाळ. बोहेमियातून हायड्रोजनचा एक फुगा उडतो. टोपलीत तिघं जण आहेत. त्यातले एक व्हिक्टर हेस. जवळ तीन विद्युतमापक. त्यांत वर्खाऐवजी धातूचा मुलामा दिलेले क्वार्ट्झचे दोन तंतू आहेत, थेओडोर वुल्फ यांच्या रचनेचे. बघायचं मात्र तेच. दोघांमधली फट.

फुगा चढतो आहे. हेस बघताहेत.

आधी गळती थोडी मंदावते. जमीन लांब गेली आहे.

मग वाढू लागते. दोन हजार मीटर. तीन हजार. हवा विरळ होते, गारठा वाढतो, आणि तंतू अधिकाधिक लवकर जवळ येतात. पाच हजार मीटरच्या वर हा वेग जमिनीवरच्या वेगाच्या काही पट झालेला आहे.

म्हणजे ते वरूनच येतं आहे.

रात्री मोजलं तरी येतं. एप्रिलमधल्या सूर्यग्रहणातही येत होतं. हे सगळं सूर्याच्या माथी मारता येत नाही. वरून येणाऱ्या या किरणांना पुढे विश्वकिरण असं नाव पडतं आणि १९३६ साली हेस यांना नोबेल पारितोषिक मिळतं.

आता तुमचा तळहात उघडा. मांडीवर उताणा ठेवा.

या किरणांनी उंच हवेत तयार झालेले कण जमिनीपर्यंत पोचतात. तळहातातून साधारण दर सेकंदाला त्यातला एखादा आरपार जातो. छतातून येतो, हातातून जातो, खालच्या फरशीतूनही.

काही जाणवत नाही. जाणवायला हवं असंही नाही.

एक... आणखी एक...

मनात येईल तेवढा वेळ बसा.

आणि जमलं तर ही बरणी घरी करून बघा. जॅमची रिकामी बाटली, प्लॅस्टिकचं झाकण, त्यातून ओवलेली तांब्याची जाड तार आणि स्वयंपाकघरातल्या फॉइलच्या दोन बारीक, हलक्या पट्ट्या पुरतात. पट्ट्या तारेला नीट टेकलेल्या हव्यात, पण मोकळ्या हलल्या पाहिजेत. इतक्या साध्या बाटलीत भार बहुतेक काचेवरूनच पळेल, विश्वकिरणांचा त्यात वाटा नगण्य, हे ध्यानात ठेवा. पावसाळ्यात, त्यातून कोकणात, हा खटाटोप करू नका. दमट काचेवर भार टिकत नाही. डिसेंबर-जानेवारीतली कोरडी सकाळ निवडा.